थोरली पुतळी

"कडेनं धरा. तोंडाला बोट लागता कामा नये," असं म्हणत कुसुमताईंनी चौथं नाणं आमोदच्या चिमटीत दिलं.

आमोदच्या हातात पांढरे सुती मोजे होते. त्यानं नाणं काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं, तिवईवरचा कॅमेरा जरासा खाली घेतला, आणि रुपयाहूनही लहान असलेलं ते नाणं शेजारच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ताटाएवढं झालं. एक दाढीवाला साधू उभा. त्याच्यासमोर एक माणूस गुडघ्यावर बसलेला. दोघांनी मिळून झेंड्याची काठी धरलेली.

"मुखपृष्ठावर हेच," आमोद म्हणाला.

"मुखपृष्ठावर कोंबडा घ्या. दिसायला बरा आहे."

"कुसुमताई, फ्रान्सचा कोंबडा कुणाकडेही मिळेल. सोळाव्या शतकातला व्हेनिसचा डुकाट, तोही अस्सल, आपल्या मंडळात दुसऱ्या कुणाकडे आहे सांगा बरं. आणि असला, तरी तो सांगणार नाही."

नाणेप्रेमींचं मंडळ सभासदांच्या संग्रहांचं एक छोटं पुस्तक काढणार होतं. आमोद बँकेत अधिकारी, पंचेचाळिशीचा. स्वतः फक्त तांब्याची नाणी जमवायचा. पुस्तकासाठी तो आपले रविवार खर्च करून घरोघरी फोटो काढत हिंडत होता. कुसुमताईंच्या संग्रहाला पुस्तकात चार पानं मिळणार होती. नाणी अवघी चौदा, पण सगळी युरोपातली, सगळी सोन्याची. शाळेत इतिहास शिकवून मिळणाऱ्या पगारातून घेतलेली. ज्या वर्षी नाणं, त्या दिवाळीला साडी नाही, असा त्यांचा नेम. सागवानी तबकात सुतारानं कोरून दिलेल्या चौदा गोल खाचा होत्या. त्यांतल्या एकीत बाणांची जुडी धरलेला हॉलंडचा शिपाई, एकीत तो कोंबडा, चारपाच जणींत इंग्लंडच्या राण्या आणि राजे. चौथी खाच आता रिकामी होती.

आमोदनं कार्ड पुढे ओढलं. प्रत्येक कार्डावर तीन ओळी: काय, कधीचं, कुठून मिळालं. पहिल्या तीन नाण्यांच्या वेळी कुसुमताई तिसऱ्या ओळीवर पाव तास बोलल्या होत्या. दुकानदाराचं नाव, त्याची खोकण्याची सवय, त्या दिवशी आपल्या अंगावर कुठली साडी होती, सगळं.

"हे कुठून?"

"जुना बाजार."

आमोदचं पेन थांबलं. पुढे काही येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. कुसुमताई मखमलीवरचा नसलेला धागा झटकत होत्या. त्यानं ते दोन शब्द लिहिले आणि पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं.

"इथे बघा, वरच्या कडेला. कडी होती. ती काढून जागा घासून सारखी केली आहे. कुणाच्या तरी गळ्यात होतं हे."

"असेल."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात जयसिंग होता. कपाळाला गंध, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात पत्रिकांची पिशवी आणि दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. आत पाऊल टाकताच तो वाकून पाया पडला.

"किती उशीर केलास? फोन करून तास झाला."

"गाडी लावायला जागा नाही बाई तुमच्या पेठेत. तीन चकरा मारल्या."

"पेठेत गाडी घेऊन येणाऱ्याला आम्ही पाणी विचारतो, जागा नाही. बस."

जयसिंग मोकळेपणानं हसला. धायरीला त्याच्या वडिलांचं वांग्याचं शेत होतं. तिथे आता त्याच्या सात मजल्यांच्या दोन इमारती होत्या. पण या घरात तो खुर्चीच्या पुढच्या कडेवरच बसायचा, आठवीत इथे अभ्यासाला बसायचा तसा.

"रणजितचं लग्न हाय," तो म्हणाला. "मुलगी लोणी काळभोरची. तेजस्विनी. आर्किटेक्ट हाय. लग्नाची गर्दी तुम्हाला सोसायची नाही, ते राहू दे. पण सत्यनारायणाला यायचंच. आमच्या आईची पुतळ्यांची माळ तुम्ही घालायची सुनेच्या गळ्यात."

"मी?"

"आईनं सांगितलंय."

"अरे, मी अशी... तुमच्याकडे सवाष्ण लागत असेल त्याला."

"मी पण तेच म्हणालो. तर म्हणाली, तुला काय कळतं. बाईच घालतील."

कुसुमताईंनी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला घेतला. गाठ साधीच होती, पण सुटेना. जयसिंगचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"हे काय, देवाचं हाय का?"

"नाणं आहे," आमोद म्हणाला. "व्हेनिस म्हणून शहर आहे इटलीत, तिथलं. हा उभा आहे तो त्यांचा संत. आणि गुडघ्यावर बसलाय तो तिथला राजाच म्हणा."

"बघा की. मला आपला राम आणि मारुती वाटला. आमच्या माळेतबी होता म्हणे एक, रामाच्या पाया पडणारा मारुती. पणजीच्या वेळची पुतळी. आई तिला थोरली म्हणायची." तो आमोदकडे वळला. "तीच तर झिजली होती. आणि या बाईंनी काय केलं माहीत हाय का? स्वतःच्या पदरचं सोनं घालून तिच्या जागी नवी कोरी पुतळी करून दिली आईला. भारी वजनाची. आम्ही कोण? भाजीवाले. आज सख्खा भाऊ करत नाही. मला शाळेत घातलं ते वेगळंच."

आमोदनं माउसवर ठेवलेलं बोट हळूच हलवलं आणि पडद्यावरचं चित्र बंद केलं. पडदा निळा झाला.

कुसुमताई त्या निळ्या पडद्याकडेच बघत राहिल्या. आमोदकडे बघणं त्यांना जमलं नाही.

निघताना जयसिंग पुन्हा वाकला. "आईनं विचारलंय, नाणी बरी हायत का?"

हा प्रश्न जुनाच होता. त्याची आई, विमलाबाई, भाजीची पाटी घेऊन यायच्या तेव्हापासूनचा. पुढे गुडघे गेले, डोळे गेले, येणं थांबलं, तरी जयसिंगबरोबर हुरडा यायचा, अंजिरं यायची आणि त्याबरोबर हा प्रश्न यायचा. जशी कुणाच्या मुलाबाळांची चौकशी करावी. कुसुमताईंना मूलबाळ नव्हतं. त्या भोळ्या चौकशीचं त्यांना हसू यायचं.

"बरी आहेत म्हणावं," त्या म्हणाल्या.

दार लागल्यावर आमोदनं एक मोजा काढून दुसऱ्यात घातला. मग कार्ड उचललं.

"कुसुमताई, इथे जुना बाजारच राहू दे?"

"आज राहू दे सगळंच. उरलेली नाणी नंतर एखाद्या रविवारी."

"बरं," तो म्हणाला. त्याचा चहा अर्धा तसाच राहिला होता.

०

१९८३ चा जून. जयसिंगचं आठवीचं नाव शहरातल्या शाळेत घातलं गेलं होतं, कुसुमताईंच्या शब्दावर. मुख्याध्यापक तयार नव्हते. खेड्यातला मुलगा, इंग्रजी कच्चं. कुसुमताई दोनदा जाऊन बसल्या, तेव्हा कुठे झालं. शाळा सुटल्यावर तो संध्याकाळच्या बसपर्यंत त्यांच्याकडेच अभ्यास करायचा.

त्याच महिन्यात एका मंगळवारी विमलाबाईंनी पाटीतली मेथी बाजूला करून तळातून एक पुरचुंडी काढली. आत पुतळ्यांची, नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ होती. दोरा कुजला होता. गाठवून हवी होती आणि शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. विकायची नव्हती, गहाण टाकायची नव्हती. नुसती गाठवायची होती.

"ठेवून जा. आमच्या ओळखीचा पटवेकरी आहे," कुसुमताई म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं.

रात्री त्यांनी सहज म्हणून भिंग घेतलं. एकवीस पुतळ्या. वीस इथल्याच सोनारांनी ठशावर ठोकलेल्या, पातळ, सारख्या. मधली एक वेगळी. भिंगाखाली संत उभा राहिला, राजा गुडघ्यावर बसला, कडेनं लॅटिन अक्षरं उमटली. ज्याचं चित्र त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलं होतं, ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, मेथीचा वास लागलेल्या फडक्यात पडलं होतं.

पुढच्या मंगळवारी त्या विमलाबाईंना म्हणाल्या, "ही मधली फार झिजली आहे. कधी तुटून पडेल सांगता येत नाही. मी हिच्या जागी नवी करून देते. वजनाला जास्तच देईन."

"ती थोरली हाय बाई. सासूबाई म्हनायच्या, हिच्यापासनं मोजायचं."

"म्हणूनच म्हणते. हरवली तर?"

विमलाबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. जयसिंग तिथे मान खाली घालून इंग्रजीचे स्पेलिंग घोकत होता. विमलाबाई बराच वेळ तिकडेच बघत होत्या.

"तुमी म्हनताय तर," त्या म्हणाल्या.

कुसुमताईंनी सोनाराकडून नवी पुतळी करून घेतली. जुनीपेक्षा अर्ध्या ग्रॅमनं जास्त. त्या अर्ध्या ग्रॅमवर त्यांनी पुढची बेचाळीस वर्षं काढली. फसवलं कुठे? जास्तच दिलं.

शरच्चंद्र, त्यांचे यजमान, त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होते. कडी काढून आणलेलं नाणं कुसुमताईंनी त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेताच म्हटलं, "छान. शाळेत मुलींना आता कुठला धडा चाललाय? कंपनी सरकार?"

एवढंच. पुढे पाहुणे आले की तेच हौसेनं तबक काढून दाखवायचे, शिपाई, कोंबडा, राण्या. चौथ्या खाचेवरून त्यांचं बोट न थांबता पुढे जायचं. जाईपर्यंत त्यांनी त्या नाण्याविषयी एक शब्द काढला नाही.

०

बोळातल्या सोनारानं नाणं भिंगाखाली धरलं, मग भिंग खाली ठेवून कुसुमताईंकडे पाहिलं. १९८३ साली नवी पुतळी घडवणाऱ्याचा हा मुलगा.

"कडी बसवायची? याला?"

"हो."

"डाग द्यावा लागेल. नाणं तापवावं लागेल. तुमचीच नाणी आहेत, मी कोण सांगणार. पण इतकी वर्षं बोट लावू दिलं नाहीत कुणाला, आणि आता एकदम कान टोचायला घेऊन आलात."

"जमत नसेल तर तसं सांगा."

"जमत नाही असं कसं म्हणू? वडिलांनी काढली, मुलगा लावतो. आमचं काय, दोन्हीकडून काम."

कुसुमताई बाकावर बसल्या. फुंकणीतून निळी ज्योत निघाली. संग्राहक म्हणून त्यांना डोळे मिटून घ्यावेसे वाटले. त्यांनी मिटले नाहीत. कडेवरची घासून सारखी केलेली जागा लाल झाली, कडी चिकटली, आणि अस्सल डुकाट पुन्हा कुणाच्या तरी गळ्यातला दागिना झाला.

०

रिक्षा सिंहगड रस्त्यावरून जात होती. कुसुमताई ओठ न हलवता वाक्य म्हणून पाहत होत्या. विमलाबाई, ही तुमची थोरली. मी त्या वेळी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं. दोन वाक्यं. वर्गात मुलींना त्या सांगायच्या, उत्तर थोडक्यात लिहा, मुद्दा आधी. त्यांनी एकच वाक्य करून पाहिलं. मग पुन्हा दोन केली. धायरी फाट्यावर रिक्षा वळली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पर्सचा बंद बोटांनी पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती.

जयसिंगच्या घरातला तळमजल्याचा दिवाणखाना माणसांनी भरला होता. पूजा आटोपली होती. केळीचे खांब, शिऱ्याचा वास, मुलांचा कालवा. विमलाबाई भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. वयानं दोघी जवळपास सारख्याच, ऐंशीला आलेल्या. पण काचबिंदूनं विमलाबाईंची नजर नेली होती आणि त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाकडेच नसायचा, किंवा सगळ्यांकडेच असायचा.

"बाई आल्या?" कुणी सांगण्याआधी त्या म्हणाल्या. "हितं बसवा. माज्यापाशी."

कुसुमताईंना हात धरून बसवलं गेलं. समोर ताटात लाल कापडावर माळ होती, हळदकुंकू वाहिलेली. नवी सून तेजस्विनी पुढ्यात येऊन बसली. हसरी, सावळी, हिरव्या चुड्यानं अवघडलेली. विजयमाला, जयसिंगची बायको, मागे उभी होती. बायका सरकून जवळ आल्या. कुणीतरी मोबाइल धरला.

कुसुमताईंनी पर्समधून डबी काढली. उघडली.

"विमलाबाई," त्या म्हणाल्या.

सगळे बघत होते. दाराशी जयसिंग उभा होता, दोन्ही हात जोडून, आठवीतल्यासारखा. वाक्य जिभेपर्यंत आलं होतं. त्याची दोन्ही टोकं त्यांना पाठ होती.

"ही... माळेत घाला. सुनेसाठी आणली."

"बघा!" जयसिंग मोठ्यानं म्हणाला. "म्हणालो नव्हतो? बाई म्हणजे देवमाणूस हाय! मागं एक दिली, आता ही दुसरी!"

बायकांत कुजबुज झाली. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसून डबीत बघायला लावलं. तेजस्विनी चुड्यासकट वाकली.

"थँक्यू आजी. किती सुंदर आहे! अँटीक आहे ना?"

कुसुमताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. परत करायला आणलेली वस्तू त्यांनी दान केली होती, आणि ती परत हिसकून घेऊन पुन्हा नीट देण्याची काही सोय नव्हती.

"हिकडं आन," विमलाबाई म्हणाल्या आणि तळहात पसरला.

तेजस्विनीनं डबीतलं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. विमलाबाईंनी मूठ मिटली, उघडली आणि अंगठा नाण्याच्या तोंडावर सपाट टेकवला. कडेनं धरा, असं कुसुमताईंच्या घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. अंगठा उभ्या साधूवरून खाली आला. गुडघ्यावर बसलेल्यापाशी थांबला. तिथे जरा घुटमळला. मग कडेनं फिरत नव्या कडीपर्यंत गेला आणि परत आला.

"आलीस व्हय गं," विमलाबाई म्हणाल्या. अगदी हळू, माहेरी आलेल्या मुलीला म्हणावं तसं. कुसुमताई शेजारी होत्या म्हणून त्यांना ऐकू आलं.

मग त्यांनी मान वर केली. "विजयमाला, कातर आन. आन् नवा दोरा."

"आत्ता? अहो, पंगत बसायचीय. लोक खोळंबलेत."

"बसू दे. दोरा आन."

दोरा आला. विमलाबाईंनी माळ मांडीवर घेतली, बोटांनी चाचपत मधल्या पुतळीवर आल्या. "ही काढ. हिच्या जागी ही घाल. आन् ही काढलेली बाईंना दे. त्यांची हाय ती."

"आई, असं काय करतीस?" जयसिंग पुढे आला. "बाईंनी आहेर केलाय सोन्याचा, तू उलट काय देतीस त्यांना? वाईट दिसतं."

"आहेर न्हाई त्यो."

कालवा एकदम कमी झाला. मोबाइल धरलेल्या मुलीनं हात खाली घेतला.

"म्हंजी?" जयसिंगनं विचारलं.

कुसुमताईंनी श्वास घेतला. आता. आता कुणी विचारलंच होतं. पण विमलाबाईंचा हात चाचपडत आला आणि त्यांच्या मनगटावर बसला. घट्ट नाही, पण उठू देणार नाही असा.

"आमचं दोघींचं हाय ते," विमलाबाई मुलाला म्हणाल्या. "तू वाढपी बघ जा. मठ्ठा कमी पडंल."

कुणीतरी हसलं. कालवा परत सुरू झाला. विजयमालेनं गुडघ्यावर माळ घेऊन नवा दोरा ओवला, आणि काढलेली पुतळी कुसुमताईंच्या हातात दिली. बेचाळीस वर्षांनंतरही ती बरीचशी कोरीच होती.

मग कुसुमताईंनी माळ तेजस्विनीच्या गळ्यात घातली.

"आता डोळे झाक," विमलाबाई नातसुनेला म्हणाल्या. "अंगठ्यानं मोज. थोरलीपासनं सुरू करायचं, एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं थोरलीपाशी यायचं. आमच्या घरात अशीच मोजत्यात. अंधारात, पाण्यात, गर्दीत, कुटंबी कळलं पायजे, आपली हाय का न्हाई."

तेजस्विनीनं हसत डोळे मिटले. अंगठा सुरुवातीला अडखळला. "ही! ही वेगळी लागते, आजी," ती म्हणाली.

"लागंलच."

०

पंगत उठली तेव्हा दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुसुमताईंच्या पुढ्यातला शिरा तसाच होता.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"की ती झिजलेली नव्हती."

विमलाबाईंनी नऊवारीच्या पदरानं हात पुसले. "रोज मोजीत व्हते की. झिजली का न्हाई, मला कळना व्हय?"

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"पोराची शाळा व्हती."

बाहेर जयसिंग कुणाला तरी मोठमोठ्यानं पार्किंग दाखवत होता. कुसुमताईंनी ताटातली वाटी सरळ होती ती पुन्हा सरळ केली.

"दर वेळी विचारत होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "नाणी बरी आहेत का."

"मग? इचारायला नगो? माजं मानूस तुमच्या घरात व्हतं."

कुसुमताईंना जे म्हणायचं होतं ते रिक्षातल्या वाक्यात नव्हतं. डोळ्यांना पदर लावावा, तर शेजारच्या बाईला तो दिसणारही नव्हता. तरी लावायची हिंमत झाली नाही.

"खावा," विमलाबाई म्हणाल्या. "शिरा गार झाला की घशाला बसतो."

०

सत्यनारायणानंतरच्या रविवारी आमोद आला. तिवई उभी केली, मोजे चढवले, तबक पुढे ओढलं आणि चौथ्या खाचेपाशी थांबला. तिथे एक पातळ, चकचकीत पुतळी होती. खाचेत पुरती न बसणारी.

"हे...?"

"पुतळी. याच पेठेतल्या सोनाराची. १९८३."

आमोदनं कोरं कार्ड घेतलं. दोन ओळी लिहिल्या. तिसरीपाशी त्यानं वर पाहिलं नाही. "कुठून मिळालं?"

"विमलाबाई. धायरी."

त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मागच्या वेळचा फोटो माझ्याकडे आहे. तो पुसून टाकतो. कुणाला कळायचं कारण नाही."

"फोटो राहू द्या. मुखपृष्ठावर घेणार होतात ना, घ्या. आधीचं कार्ड कुठे आहे?"

त्यानं पिशवीतून कार्ड काढलं. कुसुमताईंनी त्याच्या हातून पेन घेतलं, 'जुना बाजार' हे दोन शब्द पट्टीनं आखावेत तसे सरळ खोडले आणि खाली आपल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: 'गाठवायला ठेवलेल्या माळेतून मी काढून घेतलं. १९८३. जिचं होतं तिच्या घरी आता परत गेलं.'

आमोदनं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे छापायचं?"

"तुम्हीच विचारता ना प्रत्येक वेळी, कुठून मिळालं म्हणून?"

"मंडळातले लोक..."

"मंडळातल्या लोकांना वाचता येतं असा माझा समज आहे."

कार्ड पिशवीत ठेवून तो कॅमेऱ्याची वायर सोडवत बसला. वायरीला गुंता नव्हता.

कुसुमताईंनी तबक मांडीवर घेतलं. हातात मोजे नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या नाण्यावर अंगठा सपाट टेकवला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. यांतलं प्रत्येक त्यांनी भिंगाखाली शेकडो वेळा पाहिलं होतं. तोंडपाठ वर्णनं येत होती. पण अंगठ्याखाली कोंबडा कुठला, राणी कुठली आणि शिपाई कुठला, त्यांना सांगता येईना. एकही आपलं म्हणून ओळखू येईना. तसाच पुढे सरकत अंगठा चौथ्या खाचेत गेला. तिथली कड पातळ होती, जरा टोचत होती.

ही मात्र त्यांनी लगेच ओळखली.